रोमची धान्यकोठारे आणि साम्राज्याचा अस्त

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आवक-जावक व बाजारभाव यांवरच चार शब्द लिहावेत असा आमचा प्रथम विचार होता. परंतु त्या विषयावर आपण सर्वजण वर्षभर बोलतच असतो. म्हणून या खेपेस थोडा दूरचा विषय घेतला आहे. तो स्थळाने व काळाने दूर आहे. धंद्याने पाहिले तर तो आपल्या पेढीवरचाच आहे.

रोमन साम्राज्याचा अस्त कशाने झाला, हा प्रश्न आमच्या शालेय पुस्तकात एका वाक्यात सुटलेला असे: उत्तरेकडून रानटी टोळ्या आल्या आणि इ. स. ४७६ मध्ये साम्राज्य लयास गेले. इंग्रज इतिहासकार गिबन याने मात्र याच प्रश्नावर इ. स. १७७६ पासून सहा खंड लिहिले आणि त्यानंतरही विद्वानांचा वाद मिटलेला नाही. कोणी साथींच्या रोगांकडे बोट दाखवितो, कोणी सैन्यातील बेदिलीकडे, कोणी धर्मपालटाकडे. प्रस्तुत लेखक इतिहासकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्याच्या घाऊक व्यापारात घालविलेला तो एक व्यापारी आहे. त्यामुळे कोणत्याही राज्याचा इतिहास वाचताना त्याची नजर सिंहासनाकडे जाण्यापूर्वी कोठाराकडे जाते. त्या नजरेला जे दिसले तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

रोमपासून काही कोसांवर तायबर नदीच्या मुखाशी ऑस्टिया नावाचे बंदर होते. त्याच्या उत्खननात नाटकगृहामागे एक प्रशस्त चौक सापडला. चौकाभोवती ओवऱ्या आणि ओवरीत लहान लहान गाळे आहेत. प्रत्येक गाळ्यापुढील जमिनीवर काळ्यापांढऱ्या खड्यांची चित्रे बसविलेली आहेत. त्यांत गलबते आहेत, दीपस्तंभ आहे, धान्याचे माप आहे आणि ‘कार्थेजचे व्यापारी’, ‘नार्बोचे व्यापारी’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. गावोगावच्या व्यापारी संघांच्या या बैठकी होत. धान्य मापून देणाऱ्या मापाऱ्यांचा संघ तेथे वेगळाच होता. आपल्या संघाची कचेरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या चौकाचे वर्णन वाचताना फारसे परके वाटणार नाही.

या बंदरातून रोमचे पोट भरत असे. सम्राट ऑगस्टसच्या काळी रोमची वस्ती दहा लाखांच्या घरात होती. माणशी वर्षाला दोन क्विंटल गहू धरला तरी वीस लाख क्विंटलांची गरज झाली. इटलीतील शेती एवढ्या नगरास पुरणारी नव्हती. सिसिली, कार्थेजभोवतीचा आफ्रिकेचा किनारा आणि इ. स. पूर्व ३० मध्ये जिंकलेला इजिप्त या तीन प्रदेशांतून धान्य येई. त्यातील मोठा वाटा करापोटी येणारा. नगरातील गरीब नागरिकांना सवलतीच्या दराने धान्य देण्याचा कायदा गायस ग्रॅकस याने इ. स. पूर्व १२३ मध्ये केला, आणि इ. स. पूर्व ५८ मध्ये तेच धान्य फुकट झाले. ऑगस्टसच्या वेळी असे सुमारे दोन लाख शिधापात्र लोक होते. प्रत्येकास दरमहा पाच मोडियस, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे तेहतीस किलो गहू मिळे. एकदा फुकट केलेली वस्तू पुन्हा किमतीची करणे कोणत्याही सम्राटास जमले नाही. उलट तिसऱ्या शतकात ऑरेलियनने गव्हाऐवजी तयार भाकरी वाटण्यास आरंभ केला.

तथापि एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. धान्य बव्हंशी सरकारी असले तरी ते वाहून आणणारे खाजगी व्यापारी व गलबतवाले होते, आणि साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात राज्यकर्ते त्यांना राजी राखून काम करवून घेत. इ. स. ५१ मध्ये रोममध्ये पंधरा दिवसांपुरतेच धान्य उरले आणि भर चौकात लोकांनी सम्राट क्लॉडियसवर भाकरीचे तुकडे फेकले. यावर क्लॉडियसने काय केले? वादळात गलबत बुडाल्यास नुकसान आपण सोसू असे त्याने व्यापाऱ्यांना वचन दिले. दहा हजार मोडियस, म्हणजे सुमारे साडेसहाशे क्विंटल धान्य मावेल असे गलबत बांधून जो सहा वर्षे रोमची वाहतूक करील, त्याला विशेष हक्क दिले. ऑस्टियाजवळ त्याने नवे बंदरही बांधावयास घेतले होते. अलेक्झांड्रियाहून निघालेल्या गलबतास वाऱ्याविरुद्ध यावे लागे व एकेका खेपेस महिना-दोन महिने लागत. हिवाळ्यात समुद्र बंदच असे. अशा व्यवहारात जोखीम कोणी उचलावी, हा प्रश्न त्या राजाला बरोबर समजला होता असे आम्हांस वाटते.

याच भरभराटीच्या काळात आपल्या देशाशीही रोमचा मोठा व्यापार चाले. मिरी, मोती, तलम कापड यांच्या मोबदल्यात रोमचे सोनेनाणे इकडे येई. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रार प्लिनी याने लिहून ठेवली आहे. दक्षिणेत सापडलेले रोमन नाण्यांचे साठे आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली समुद्रदेवतेची काशाची मूर्ती या व्यवहाराची साक्ष देतात. आपल्या संस्कृत-प्राकृत ग्रंथांतील ‘दीनार’ हा शब्दही मूळचा रोमच्या ‘डिनॅरियस’ या रुप्याच्या नाण्याचा. साम्राज्याच्या दुखण्याचे पहिले लक्षण दिसले तेही याच नाण्यात.

ऑगस्टसचा डिनॅरियस जवळजवळ शुद्ध रुप्याचा होता. इ. स. ६४ मध्ये नीरोने त्याचे वजन कमी केले आणि त्यात हिणकस धातू घातला. भेसळ थोडी होती, बाजाराने ती पचविली. पुढे सेप्टिमियस सेव्हेरस याने सैनिकांचे पगार वाढविले आणि रुपे निम्म्यावर आणले. त्याचा मुलगा कॅराकॅला याने इ. स. २१५ मध्ये नवे नाणे काढले. त्यावर किंमत दोन डिनॅरियसांची, पण आत रुपे दीडाचे. इ. स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसांहून अधिक सम्राट झाले व बहुतेक मारले गेले. प्रत्येक नव्या सम्राटास सैन्याला बक्षीस द्यावयाचे असे आणि तिजोरी तर रिकामी. गॅलिएनसच्या अखेरीस, इ. स. २६८ च्या सुमारास, नाण्यात शेकडा पाच भागही रुपे उरले नव्हते. तांब्याच्या चकतीवर रुप्याचा मुलामा, एवढेच काय ते राजाचे नाणे. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ गणला आहे, म्हणजे खऱ्याच्या जागी त्यासारखे दिसणारे खोटे खपविणे. दुकानदाराने तसे केले तर राजा त्याला दंड करतो. येथे राजाच टांकसाळीत बसून तो व्यवहार करीत होता.

इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसचे जे कागद टिकून राहिले, त्यांत इ. स. २६० चा एक हुकूम आहे. ऑक्सिरिंकस येथील सराफांनी आपल्या पेढ्या बंद केल्या होत्या. सम्राटांचे नाणे घेण्यास ते तयार नव्हते. तेथील अधिकाऱ्याने फर्मान काढले की, पेढ्या उघडा, आणि उघड उघड खोटे व बनावट असेल ते सोडून सर्व नाणे स्वीकारा. हे वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. सराफ नाणे हातात घेतो, वाजवून पाहतो आणि परत ठेवतो. साम्राज्याचे पत संपल्याची बातमी रोमच्या राजसभेपूर्वी या गल्लीतल्या सराफास समजली होती. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत, इ. स. २७५ च्या सुमारास, त्याच प्रांतात गव्हाचा भाव एकदम दसपटीच्या आसपास उसळला.

इ. स. २८४ मध्ये डायोक्लीशन गादीवर आला. तो खंबीर व कष्टाळू राजा होता, आणि मोडकळीस आलेला कारभार त्याने पुष्कळसा सावरला, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्याच नाण्यावर सरकारचा विश्वास उरला नव्हता, म्हणून त्याने कर धान्याच्या व मालाच्या रूपाने घेण्याची पद्धत पक्की केली. आणि इ. स. ३०१ मध्ये त्याने ते प्रसिद्ध दरपत्रक काढले. बाराशेंहून अधिक वस्तू व मजुऱ्या यांचे कमाल दर शिळांवर कोरून गावोगाव लाविले गेले. गव्हाचा दर लष्करी मोडियसला शंभर डिनॅरियस आणि शेतमजुराची रोजी जेवणखाण धरून पंचवीस डिनॅरियस ठरली. इ. स. ६४ च्या आगीनंतर नीरोने उतरविलेला गव्हाचा दर मोडियसला तीन सेस्टर्स, म्हणजे पाऊण डिनॅरियस होता. लष्करी माप मोठे असे, तो फरक वजा घातला तरी वाढ साठपटींहून अधिक भरते. दरपत्रकाच्या प्रस्तावनेत या महागाईचे खापर व्यापाऱ्यांच्या लोभावर फोडले आहे. दर मोडणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. नाण्यातील रुप्याचे काय झाले, याविषयी मात्र त्या लांबलचक प्रस्तावनेत अवाक्षर नाही.

परिणाम काय झाला ते लॅक्टॅन्शियस या समकालीन लेखकाने नमूद केले आहे. भीतीने माल बाजारातून नाहीसा झाला, क्षुल्लक वस्तूंसाठी रक्त सांडले आणि शेवटी कायदा आपोआप सुटला. लॅक्टॅन्शियस ख्रिस्ती होता आणि डायोक्लीशनचा कट्टर वैरी. म्हणून त्याचे म्हणणे थोडे वजा-वाटाव करून घ्यावे. व्यापारी लोभी नव्हते असेही आम्ही म्हणणार नाही. टंचाईत साठा दाबून धरणारे तेव्हाही होते आणि आमच्या पाहण्यातही आहेत. पण बाजारातून माल कसा नाहीसा होतो, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. सन १९७३ मध्ये आपल्या सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला आणि वर्षभरात तो प्रयोग सोडून दिला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. तीर्थरूपांची वखार त्या वर्षी ज्वारीवर चालली आणि संध्याकाळी रोजमेळ लिहिताना गव्हाचे खाते ते कोरे सोडीत, एवढे स्पष्ट आठवते.

डायोक्लीशनचे दरपत्रक बुडाले, पण त्यामागची वृत्ती बुडाली नाही. चौथ्या शतकात व्यापाऱ्यास राजी राखण्याऐवजी बांधून घालण्याचे धोरण आले. गलबतवाल्याचा मुलगा गलबतवालाच व्हावयाचा, आणि त्याची जमीनजुमला त्या कामाला तारण. भटारखान्यांच्या मालकांचे तसेच. भटाऱ्याच्या मुलीशी जो लग्न करील त्यालाही सासऱ्याचा धंदा चिकटे. इ. स. ३३२ च्या कायद्याने पळण्याच्या बेतात असलेल्या कुळास बेड्या घालण्याची मुभा मिळाली. ज्या ऑस्टियाच्या चौकात व्यापारी आपल्या खुशीने बैठका घेत, त्यांच्या संघांचे रूपांतर सरकारी वेठीत झाले. कॉन्स्टंटाइनने शुद्ध सोन्याचे ‘सॉलिडस’ हे नाणे काढले, एका रोमन पौंडात बहात्तर. हे नाणे मात्र इतके सचोटीचे निघाले की पुढे सात शतके त्याचा कस जवळजवळ तसाच टिकला. पण ते होते अमीर-उमरावांच्या आणि सरकारच्या हाती. गरिबाच्या हाती तांब्याचा चुराच राहिला.

याच कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३० मध्ये पूर्वेस कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी केली आणि इजिप्तचा गहू तिकडे वळविला. या एका बदलाने पश्चिमेचे भवितव्य ठरले, असे आमचे मत आहे. त्यानंतर रोमचे अन्न मुख्यतः कार्थेज या एकाच बंदरावर आले. ज्याचा सर्व माल एकाच अडत्याकडून येतो त्याची मान कोणाच्या हाती असते, ते निराळे सांगणे नको. इ. स. ३९७ मध्ये आफ्रिकेचा सेनाधिकारी गिल्डो याने गहू रोखून धरला आणि रोमला धाप लागली. पुढे गॉथ लोकांचा राजा अलॅरिक इटलीत उतरला. तो रोमच्या तटाला भिडला नाही. त्याने तायबरची वाट अडविली व नंतर बंदरावरील कोठारे ताब्यात घेतली. इ. स. ४०८ च्या पहिल्या वेढ्याच्या वेळी नगराने जी खंडणी दिली तिच्या यादीत पाच हजार पौंड सोने, तीस हजार पौंड रुपे, चार हजार रेशमी अंगरखे, तीन हजार लाल कातडी आणि तीन हजार पौंड मिरी आहे. ही मिरी आपल्या मलबारची. सुमारे दहा क्विंटल भरली असती. उपाशी नगराच्या वखारीत एवढी मिरी शिल्लक होती आणि गहू नव्हता. इ. स. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलॅरिकने रोम तीन दिवस लुटले.

लुटीने नगर संपत नाही. पुन्हा उभे राहते. खरा घाव बसला तो इ. स. ४३९ च्या ऑक्टोबरात, जेव्हा व्हँडल लोकांचा राजा गायसेरिक याने कार्थेज घेतले. आफ्रिकेत पीक पूर्वीसारखेच येत राहिले, गलबतेही होती. परंतु आता तो गहू करापोटी येणे बंद झाले. हवा असेल तर दाम मोजून घ्या. धान्य गेले, तसा आफ्रिकेचा महसूलही गेला, आणि त्या महसुलावरच सैन्याचा पगार चाले. इ. स. ४४४ मध्ये सम्राट व्हॅलेंटिनियन तिसरा याने एक नवा विक्रीकर बसविला: प्रत्येक व्यवहारावर चोविसावा हिस्सा, अर्धा घेणाऱ्याने व अर्धा देणाऱ्याने भरावा. त्या कायद्यातच अशी कबुली आहे की, नव्या सैनिकांचे तर राहोच, जुन्यांनाही पुरेसे अन्नवस्त्र देणे खजिन्यास अशक्य झाले आहे. एवढे राज्य अखेर शेकडा चारांच्या पेठकरावर आले होते. कार्थेज परत मिळविण्यासाठी इ. स. ४६० आणि इ. स. ४६८ मध्ये दोन मोठी आरमारे सिद्ध झाली. दोन्ही नष्ट झाली. त्यानंतर आठ वर्षांनी ओडोअसर याने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरसवदा सम्राटास गादीवरून उतरविले. लढाईसुद्धा फारशी झाली नाही. जमाखर्चाची वही आधीच मिटलेली होती.

यापुढची हकीकत शाळेतील पुस्तकात नसते, आणि आम्हांस ती अधिक हृदयद्रावक वाटते. नव्या गॉथ राजांनी काही काळ बरा कारभार केला. थिओडोरिकने तर रोममध्ये धान्यवाटपही चालू ठेवले. मग पूर्वेच्या सम्राटाने इटली परत जिंकण्यासाठी सेना पाठविली आणि वीस वर्षांच्या युद्धात उरलेसुरले होते तेही गेले. इ. स. ५३७ मध्ये गॉथांनी रोमला वेढा घालून पाण्याचे पाट तोडले. त्या पाटांच्या पाण्यावर नगराच्या पिठाच्या चक्क्या चालत. सेनापती बेलिसॅरियसने दोन दोन नावा दोरांनी जोडून नदीच्या ओढीत उभ्या केल्या, त्यांच्या मधोमध चाक बसविले आणि नावांवर जाती फिरविली. संकटात सुचलेली ही युक्ती पुढे शेकडो वर्षे युरोपातील नद्यांवर चालली. नऊ वर्षांनी टोटिला या गॉथ राजाच्या वेढ्यात लोकांनी खाजकुयलीसारखी रानटी पाने उकडून खाल्ली. तेव्हा सैन्यासाठी ठेवलेला गहू नगराचा रक्षक बेसास हाच श्रीमंतांना अवाच्या सव्वा भावाने विकीत होता, असे प्रोकोपियस लिहितो. साठेबाजीचे पाप लिहिताना हे नाव यादीत अग्रभागी घालावयास हरकत नाही. इ. स. ५४६ च्या डिसेंबरात टोटिला आत शिरला तेव्हा, प्रोकोपियसच्या सांगण्याप्रमाणे, सामान्य जनांपैकी अवघे पाचशे लोक नगरात उरले होते.

पूर्वेकडील राजधानीचे दैवही फार निराळे नव्हते. इराणी सैन्य इजिप्तवर चालून आले तेव्हा, इ. स. ६१८ मध्ये, सम्राट हेराक्लियस याने कॉन्स्टँटिनोपलमधील फुकट भाकरी बंद केली. ते राज्य पुढे इ. स. १४५३ पर्यंत जगले, पण पुष्कळ आकसून.

रोममध्ये राजसत्तेच्या जागी हळूहळू धर्मपीठ आले, तेही कोठाराच्या वाटेनेच. इ. स. ५८९ च्या पुरात तायबरचे पाणी चढून चर्चची धान्यकोठारे कोसळली व हजारो मोडियस गहू वाहून गेला. पाठोपाठ साथ आली. त्या वेळी ग्रेगरी हा धर्मगुरू पोपच्या पदी निवडला गेला. तो जुन्या सरदार घराण्यातील होता आणि संन्यास घेण्यापूर्वी त्याने नगराचा मुख्य अधिकारी म्हणून काम केले होते. सिसिलीत चर्चच्या मालकीच्या विस्तीर्ण जमिनी होत्या. तेथील गव्हावर त्याने रोमचे गरीब जगविले आणि दरमहा आरंभी शिधा वाटण्याचा परिपाठ ठेविला.

त्याची शेकडो पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत मोक्षाच्या गोष्टी आहेत, तशा मापाच्याही आहेत. इ. स. ५९१ मध्ये सिसिलीतील आपल्या कारभाऱ्यास तो लिहितो की, कुळांकडून गहू घेताना अठरा सेक्स्टॅरियसपेक्षा मोठे माप वापरू नये. आणि सुगीच्या दिवसांत भाव पाडून धान्य न घेता चालू बाजारभावानेच पैसे द्यावेत. मोडियस वास्तविक सोळा सेक्स्टॅरियसचा असावयाचा. घेताना मोठे माप आणि देताना लहान, याला आपल्याकडे ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणतात, आणि तोही अचौर्य व्रताचा अतिचारच होय. कारभारी मंडळी कोठल्याही धर्माची असली तरी त्यांना हा हुकूम एका पत्रात कळत नसावा. कारण बारा वर्षांनी, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ग्रेगरीने सिसिलीतीलच दुसऱ्या एका कारभाऱ्यास पुन्हा त्याच विषयावर पत्र लिहिले. चर्चची कुळे पंचवीस सेक्स्टॅरियसच्या मापाने धान्य घालीत होती, असे त्या कारभाऱ्यास आढळले होते. त्याने ते माप तेथल्या तेथे मोडून टाकले आणि योग्य मापाची नवी नेमणूक केली, याबद्दल ग्रेगरीने त्या पत्रात समाधान व्यक्त केले आहे.